गाडी चालू असताना उठायचं नाही

मी या ग्रुपवर बरीच वर्षं नुसता वाचतो आहे. खरं सांगायचं तर सुरुवातीला हसायला म्हणूनच यायचो. हडळ, चकवा, पिंपळ वगैरे वाचून बायकोला दाखवायचो आणि म्हणायचो, "बघ, लोक अजून कुठे अडकलेत." मी सॉफ्टवेअरमधला माणूस. आमच्या कामात ज्याची मशीनच्या लॉगमध्ये नोंद नाही ते घडलेलंच नाही, असं धरून चालतात. घरातही माझा तोच हिशोब होता.

आज मी स्वतःच लिहायला बसलोय, आणि ते भुताबद्दल आहे की माझ्याबद्दल हे माझं मलाच नीट कळलेलं नाही. वाचून तुम्हीच ठरवा.

आम्ही सिंगापूरला असतो. मी, बायको मेधा, मुलगा अन्वय आणि मुलगी इरा. हे घडलं २०१३च्या जूनमध्ये. तेव्हा अन्वय नऊ वर्षांचा होता, इरा पाच. क्वीन्सटाउनला सातव्या मजल्यावर भाड्याचा जुना सरकारी फ्लॅट होता. लांब कॉमन कॉरिडॉर, प्रत्येक दाराला बाहेरून लोखंडी गेट. घरमालकाने हॉलच्या आणि मुलांच्या खोलीच्या खिडक्यांना जाळ्या बसवल्या होत्या, आमच्या बेडरूमच्या खिडकीला नव्हती. "बसवून घेऊ" असं मी राहायला आल्यापासून म्हणत होतो.

इथे उन्हाळा बाराही महिने असतो, पण शाळेची मोठी सुट्टी जूनमध्ये. नोकरी करणाऱ्या आईबापांना या सुट्टीची आधीपासूनच धास्ती असते. बहुतेक मराठी घरांत तेव्हा आजी किंवा आजोबा व्हिजिट पासवर येतात. आमच्याकडेही बाबा, म्हणजे माझे वडील, दर वर्षी यायचे. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, पुण्यात ते एकटेच होते. पण त्या वर्षी मार्चमध्ये त्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि डॉक्टरांनी सध्या विमान नको म्हणून सांगितलं.

मग मीच एक युक्ती काढली. लॅपटॉप डायनिंग टेबलवर ठेवायचा, सकाळी स्काइप लावायचं आणि दिवसभर चालू ठेवायचं. तिकडे बाबा, इकडे मुलं. मी घरून काम करायचो, आतल्या खोलीत हेडफोन लावून मीटिंग करायचो आणि बाहेर बाबा मुलं सांभाळायचे — पुण्यातून. ऑफिसमध्ये सांगितलं तर सगळ्यांनी कौतुक केलं. मलाही आपण फार हुशार आहोत असं वाटलं.

बाबा एसटीत कंडक्टर होते. स्वारगेट-महाड, वरंध घाटातून. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण घंटी वाजली की कान टवकारायचे. त्यांनी मुलांना एक खेळ लावून दिला. घरातल्या सगळ्या खुर्च्या दोन-दोन करून लॅपटॉपसमोर मांडायच्या, की झाली एसटी. बाबा स्टीलचा पेला आणि चमचा घेऊन बसायचे. टिंग-टिंग डबल बेल, म्हणजे गाडी सुटली. एकदाच टिंग, म्हणजे थांबा आला, उतरा. आणि नियम एकच — गाडी चालू असताना उठायचं नाही.

"आजोबा, वॉशरूम," इरा म्हणायची.

"भोरला दहा मिनिटं थांबेल गाडी. दम धरा, ताई."

"Ajoba, bus so slow lah," अन्वय वैतागायचा.

"ह्या साहेबांना खाली उतरवा रे! विमानानं पाठवा!" आणि इरा खिदळत सुटायची.

बाबा त्यासाठी रोज पहाटे उठत होते हे माझ्या लक्षात आलंच नाही. आमच्याकडे सकाळचे आठ-नऊ म्हणजे त्यांच्याकडे अजून पेपरवालाही आलेला नसायचा. अंघोळ करून, जुना खाकी शर्ट घालून ते कॅमेऱ्यासमोर बसलेले असायचे. "ड्यूटीला उशीर नको," म्हणायचे.

त्याच जूनमध्ये शेजारच्या देशातल्या जंगलांचा धूर इथे आला. जे तेव्हा इथे होते त्यांना आठवत असेल. दिवसाढवळ्या समोरचा ब्लॉक दिसेनासा झाला, घरात जळक्या लाकडाचा वास. मुलांची शिबिरं बंद, स्विमिंग बंद, खाली खेळायला बंदी. मेधा नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, तिची रजा रद्द झाली. मुलं दिवसचे दिवस बंद खिडक्यांच्या आत. एसटी सोडून दुसरं काही उरलं नव्हतं त्यांच्याकडे.

त्या दिवशी सकाळी मेधा कामावर गेल्यावर मला वन-नॉर्थ भागातल्या आमच्या ऑफिसमधून फोन आला. रात्री सॉफ्टवेअरमध्ये टाकलेल्या बदलामुळे क्लायंटकडे सगळं बंद पडलं होतं, आणि मॅनेजरला मी समोर हवा होतो. मी म्हणालो मुलं आहेत. तो म्हणाला, दोन तास फक्त.

मी स्काइपवर बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "जा की. मी आहे ना इथं." चेहरा जरा ओढलेला वाटला. म्हटलं झोप झाली नसेल. मुलांना जेवणाचे डबे काढून ठेवले, खिडक्या उघडायच्या नाहीत म्हणून बजावलं. मेधाला कळवलं नाही, तिने जाऊच दिलं नसतं. आणि बाहेर पडताना गेटला बाहेरून कुलूप घातलं — मुलं कॉरिडॉरमध्ये येऊ नयेत म्हणून. घरात मोठं माणूस नाही हा विचार मनात आलाच नाही. बाबा होते ना.

ऑफिसमध्ये दोन तासांचे किती झाले ते मोजायला मला वेळ नव्हता. मधे एकदा फोनवर स्काइप उघडून पाहिलं तर घरचं अकाउंट ऑफलाइन दिसलं. नेट गेलं असेल म्हटलं. घरी दुसरा फोन नव्हता. काळजी वाटली नाही असं नाही, पण तितकी वाटली नाही. का, ते पुढे सांगतो.

घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. धुरात कॉरिडॉरचे दिवे लवकरच लागले होते. समोरच्या चिनी आँटी मास्क लावून कुंड्यांना पाणी घालत होत्या. मला बघून म्हणाल्या, "Your father come already ah? From India?"

मी म्हटलं, "नो आँटी. दिस इयर नॉट कमिंग."

"Aiyah, then who? Whole afternoon old man shouting. Ting ting, ting ting, like the ice cream uncle. I thought, wah, this haze also got ice cream?" आणि त्या हसल्या.

स्काइप असेल म्हणून मीही हसलो. कुलूप उघडताना आतून एकदाच टिंग ऐकू आलं. कुलूप गेटवर आपटलं असेल असं तेव्हा वाटलं. आजही मी शपथेवर सांगू शकत नाही.

आत दिवा लागलेला नव्हता. मुलं खुर्च्यांवर बसलेली होती — अन्वय पुढे, इरा त्याच्या मागे. दोघं नुकतीच अंग मोकळं करत होती, खूप वेळ बसून पाय आखडलेल्या माणसासारखी. डबे तसेच झाकलेले. इराच्या खुर्चीखाली ओलं झालेलं होतं. आणि त्यांच्यासमोर लॅपटॉपची स्क्रीन काळी.

"हे काय? दिवा का नाही लावला? जेवला नाहीत?"

"Cannot get up what," अन्वय म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "Bus was moving."

"आजोबा कुठायत?"

"आत्ता बेल दिली ना त्यांनी," इरा म्हणाली. "एक. उतरायची."

मी लॅपटॉपचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मग चार्जरची वायर बघायला वाकलो, आणि माझ्या लक्षात आलं. खांद्यावरची बॅग उघडली. चार्जर बॅगेतच होता. सकाळी घाईत ऑफिसच्या चार्जरऐवजी मी घरचा उचलला होता. आमच्या त्या लॅपटॉपची बॅटरी जेमतेम तासभर टिकायची.

"स्क्रीन कधी बंद झाली?"

"तू गेल्यावर थोड्या वेळानं."

"मग आजोबा?"

अन्वयने खांदे उडवले. "Quiet a while, then talking again lah. म्हणाले घाट लागलाय, आतला दिवा बंद केलाय. ड्रायव्हरला समोरचं दिसायला पाहिजे ना, धुकं आहे खूप."

एसटीवाले रात्री घाटात खरंच आतले दिवे बंद करतात. बाबांनी ते कधीतरी मुलांना सांगितलं असेल. तसंच असणार.

मग धुराचा वास आला. घरातून. मी बेडरूममध्ये गेलो तर खिडकी सताड उघडी होती आणि तिच्याखाली बाथरूममधलं स्टूल होतं. स्टुलावर जॅमची रिकामी बाटली. आणि इराची एक गुलाबी चप्पल.

अन्वय रडायला लागला. त्याला सुट्टीच्या प्रोजेक्टसाठी धूर बाटलीत भरायचा होता. बॅटरी गेल्यावर कंटाळा आला म्हणून दोघं बेडरूममध्ये गेले. त्याने खिडकी उघडली, तो झाकण आणायला किचनमध्ये गेला आणि इरा स्टुलावर चढली.

"मग?"

"मग आजोबा ओरडले. Damn loud. 'हात बाहेर काढू नका! बसून घ्या, गाडी सुटली!' मग डबल बेल. We ran."

मी फोन काढून बाबांना लावला. रिंग वाजत राहिली. तीन वेळा. मग पुण्यात त्यांच्या शेजारी राहणाऱ्या देसाईकाकांना लावला, त्यांच्याकडे किल्ली असते. फोन कानाला तसाच ठेवून ते बाबांच्या घरात शिरले. दार उघडल्याचा आवाज आला, मग, "अहो... अहो, भाऊसाहेब..." आणि मग ते बाहेर कुणाला तरी डॉक्टरांना आणायला ओरडले.

बाबा कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत होते. खाकी शर्टात. समोरच्या चहावर साय धरली होती. डॉक्टर म्हणाले, सकाळीच गेलेत. दुपारपर्यंतसुद्धा नव्हते. देसाईकाका नंतर मला म्हणाले, "निलू, तुला सांगू नये, पण त्यांच्या हातातला चमचा सोडवायला आम्हाला फार त्रास झाला रे."

त्याच रात्रीच्या विमानाची तिकिटं काढली. टॅक्सी येईपर्यंत मी ब्लॉकच्या मागे गेलो. का गेलो ते मला माहीत होतं. आमच्या खिडकीच्या बरोबर खाली गवतात इराची दुसरी चप्पल पडली होती. मी ती खिशात घातली. मेधाला दाखवली नाही. पुण्याला पोचल्यावर एका कचरापेटीत टाकली.

विमानात अन्वय आणि मेधा झोपले होते. इरा माझ्या शेजारी जागी होती. मी विचारलं, "बाळा, आजोबांचा आवाज लॅपटॉपमधून येत होता ना?"

"आधी लॅपटॉपमधून. मग मागून."

"मागून म्हणजे?"

"मागून म्हणजे माझ्या सीटच्या मागून. ते फिरत होते ना. तिकीट बघत." मग म्हणाली, "पप्पा, मी पडणार होते. आजोबांनी माझा फ्रॉक धरला."

मी तिचा पट्टा नीट लागलाय का ते पाहिलं.

"आणि शेवटी तू आलास ना, तेव्हा आजोबा म्हणाले, तुम्ही उतरा, तुमचे पप्पा आले. मी म्हटलं, तुम्ही पण चला. तर म्हणाले, मला नाही उठता येणार. निलूनं सांगितलंय, तो येईपर्यंत उठू नका म्हणून."

इथवरचं सगळं मेधाला माहीत आहे — चपलेचं आणि विमानातलं सोडून. मुलांना कुलपात ठेवून गेलो म्हणून ती वर्षभर माझ्याशी नीट बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं. सगळ्याची उत्तरंही मी तयार ठेवली होती. अन्वय आजोबांची नक्कल हुबेहूब करतो. आवाज त्याचाच असेल. टिंग-टिंग त्यानेच केलं असेल, आमच्याही घरात पेले आहेत. इरा घाबरून मागे सरकली असेल, फ्रॉक कडीला अडकला असेल. भुकेली, घाबरलेली मुलं खेळाला घट्ट धरून बसली. हे सगळं मी मानायला तयार आहे. आजसुद्धा.

पण इराचं ते शेवटचं वाक्य मला कुठेच बसवता येत नाही. कारण ते मी खरंच बोललो होतो, आणि तेव्हा मुलं तिथे नव्हतीच.

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

बाबा मला कधी फोन करत नसत, परदेशी कॉलचे पैसे जातात म्हणून मिस्ड कॉल द्यायचे. आमची खूण ठरलेली होती. एक मिस्ड कॉल म्हणजे सगळं ठीक. लागोपाठ दोन म्हणजे फोन कर. त्या सकाळी मी क्वीन्सटाउनच्या प्लॅटफॉर्मवर उभा होतो तेव्हा लागोपाठ दोन आले. मी फोन लावला. त्यांनी मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन उचलला, मुलांना स्काइपवर ऐकू जाऊ नये म्हणून. आवाज खाली आणून म्हणाले, "निलू, अरे जरा छातीत भरल्यासारखं होतंय. घाम येतोय. पाच मिनिटं देसाईकडे जाऊन येऊ का? की तू परत येतोस?"

समोरून ट्रेन येत होती. खिशात ऑफिसचा दुसरा फोन वाजत होता.

मी म्हणालो, "बाबा, पित्त असेल. चहा घ्या. मुलं एकटी आहेत, प्लीज समोरून हलू नका. मी येईपर्यंत उठू नका."

"बरं," ते म्हणाले. "नाही उठत."

एवढंच बोलणं झालं. त्या प्लॅटफॉर्मवर आजूबाजूला मास्क लावलेली अनोळखी माणसं होती. मुलं घरात, कुलपाच्या आत. त्या वेळी लॅपटॉप चालू होता हे मान्य, पण बाबांच्या स्वयंपाकघराला दार आहे, ते लावूनच बोलत असल्याचं त्यांच्या आवाजावरून कळत होतं. आणि माझ्या तोंडचे शब्द तर त्यांच्या कानाला लावलेल्या फोनमध्येच होते. मुलांना कळू नये म्हणून आत गेलेले बाबा नंतर त्यांनाच ते सांगतील, हे मला पटत नाही. मग ते इराने कुठून ऐकले?

ऑफिसात पोचल्यावर थोड्या वेळाने त्यांचा एक मिस्ड कॉल आला. एकच. मी वाट पाहिली, दुसरा आला नाही. एक म्हणजे ठीक. मी फोन उलटा ठेवला आणि कामाला लागलो. म्हणून मला दिवसभर तितकी काळजी वाटली नाही.

तो एकच होता, की दोनांतला पहिला होता, हे मला पुण्याला जाईपर्यंत सुचलंही नाही. त्यांच्या खुर्चीच्या पायाशी मोबाइल पडलेला होता. तो उचलताना सुचलं.

परत आल्यावर मेधाने एकदाच विचारलं होतं, "त्या दिवशी बाबा काही म्हणाले होते का रे? बरं वाटत नाही वगैरे?" मी म्हटलं, "नाही. नेहमीसारखेच होते."

बाबांचे दिवस झाल्यावर पुण्यातलं घर आवरायला मी एकटा गेलो होतो. ती खुर्ची तशीच टेबलासमोर होती. शेजारी पेला, पेल्यात चमचा. भर दुपार होती, खाली भाजीवाला ओरडत होता, भीती वाटावी असं काही नव्हतं. मी खुर्चीसमोर उभा राहिलो आणि स्पष्ट म्हणालो, "बाबा, मी आलोय. उठा आता."

मग थांबलो. पुन्हा म्हणालो.

मी तिथे अंधार पडेपर्यंत बसून होतो. ती एक बेल ऐकायला. वाजली नाही.

इरा आता मोठी झाली आहे, तिला त्यातलं फारसं आठवत नाही. पण बसमध्ये, एमआरटीत म्हणजे इथल्या मेट्रोत, कुठेही बसली तरी गाडी पूर्ण थांबल्याशिवाय ती उठत नाही. मी आणि मेधा दारात उभे असतो आणि ती मान किंचित मागे वळवून बसलेली असते, कुणाची तरी परवानगी घेतल्यासारखी. कधी उठते, कशावरून उठते, मी विचारत नाही.

याचं उत्तर इथल्या कुणाकडे असेल तर सांगा, पण मी ते मागायला आलेलो नाही. मेधा हा ग्रुप माझ्याआधीपासून वाचते. तिच्यासमोर बसून मला हे सांगता आलं नाही, बरेचदा प्रयत्न केला. आता ती कामावरून येईल, जेवेल आणि रोजच्यासारखा फोन हातात घेईल. मी समोरच्या खुर्चीत बसून राहणार आहे. तिचं वाचून होईपर्यंत उठणार नाही.